वहीतला गोळीचा रकाना

शनिवार, मार्गळी महिना, म्हणजे तमिळ पंचांगातला मार्गशीर्ष. पहाटे दव, साडेसातनंतर कोवळं ऊन.

आजारी माणसाकडे किस्से आपोआप साठतात. त्यात मला रोज वही लिहायची सवय. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी काढून दोन वर्षं झाली. तेव्हापासून रोज सकाळी रिकाम्या पोटी एक गोळी, जन्मभराची. काही महिन्यांनी गुडघे दुखायला लागले. कुंभकोणमच्या मराठी घरांतली आम्ही आठ माणसं दर शनिवारी भजनाला जमतो. तिथे पहिले दोन किस्से मी हसत सांगत आलो. पुढचे सांगायला तोंड नव्हतं.

*

भजन संपलं की सगळे साष्टांग नमस्कार घालतात. मीही घातला. सगळे उठले, मी उठेना. मंडळींना वाटलं, समाधी लागली. त्यांनी पुन्हा गजर धरला. शेवटी बायको वाकून कानात म्हणाली, "विठ्ठलानं धरलंय की गुडघ्यानं?"

"गुडघ्यानं," मी जमिनीलाच सांगितलं.

पुढच्या शनिवारी माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आली.

*

भावजयीनं पिरंडैची चटणी पाठवली. ही वेल आमच्याकडे हाडांसाठी खातात; नीट परतली नाही तर घसा खाजतो. तिनं नीट परतली नव्हती.

"गुडघा कसा आहे, भावजी?"

"आठवत नाही. सध्या गळ्याकडे बघतोय."

*

मग मी वहीत दोन रकाने आखले: गोळी आणि दुखणं. नव्वद दिवस भरले. ज्या ज्या दिवशी दुखलं, त्या प्रत्येक दिवशी गोळी घेतलेली! शनिवारी खुर्चीवरून जाहीर केलं, "गोळीच सांधे खाते. पुरावा आहे."

वही हातोहात फिरली. रुक्मिणीअक्का शाळेत शिकवायच्या. त्यांनाही थायरॉइडची गोळी, पंधरा वर्षांपासून. चष्मा लावून त्यांनी पानन् पान पाहिलं. म्हणाल्या, "अक्षर किती नेटकं आहे रे, गोविंदा."

*

त्याच आठवड्यात वही डॉक्टरीणबाईंना दाखवली. त्यांनी शांतपणे वाचली.

"या नव्वद दिवसांत भात खाल्लात?"

"रोज."

"मग भात सोडा."

रक्त तपासलं. गोळीचा डोस थोडा कमी पडत होता, ड जीवनसत्त्वही कमी होतं. त्या म्हणाल्या, "दुखण्याचं कारण शोधू. पण गोळी सोडायची नाही."

हे मंडळीत सांगायची मला लाज वाटली. चार शनिवार मी खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्या.

*

पाचव्या शनिवारी अक्का आल्या नाहीत. घरी गेलो. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, भर दुपारी अंगावर शाल. त्यांची मुलगी म्हणाली, "पाच आठवडे गोळी घेतली नाही, मामा. मला आज कळलं. म्हणते, गोविंदाच्या वहीत आहे."

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. भाताचंही.

अक्कांनी शाल घट्ट ओढून घेतली. मग म्हणाल्या, "चार शनिवार माझ्यासमोरच बसला होतास ना?"

"होय, अक्का."

"आणि मी तुला विचारत होते, गुडघा कसा आहे."

"होय."

मुलीनं त्यांना लगेच डॉक्टरांकडे नेलं. गोळी पुन्हा सुरू करायला सांगितली. संध्याकाळी अक्कांचा फोन आला: "उद्या सकाळी सहाला ये. तुझी गोळी घेऊन. माझ्यासमोर गिळ, मग मी गिळीन."

आज बेचाळिसावा दिवस. सहा वाजून चार मिनिटांनी मी गिळली. सहा वाजून पाच मिनिटांनी अक्कांनी.