जुन्या सालाची नवी गाडी

डिम्फना मल्वीच्या नावावर आजवर सत्तावीस गाड्या झाल्या आणि त्यांतली एकही तिने चालवली नव्हती. कराच्या दृष्टीने सोयीचं म्हणून कागद तिच्या नावाचे असत आणि किल्ली नवऱ्याच्या, मॅलकीच्या खिशात. लग्नाआधी हीच डिम्फना वडिलांची पावाची व्हॅन घेऊन पहाटे पाचला मोहिलहून निघायची आणि बर्फाच्या रस्त्यांवरून ड्रमशॅम्बोपर्यंत जाऊन नऊच्या आत परत यायची. लग्न झालं तसं मॅलकी म्हणाला, "आता तुला कशाला तो त्रास?" हे प्रेम नव्हे, हे कळायला तिला दोन वर्षं लागली.

मॅलकी गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचा. जीभ अशी चालायची, की कॅव्हनहून आलेल्या शेतकऱ्याला आपण कालवड घेतली की सोडली, ते घरी जाऊन बायकोला विचारावं लागे. त्याची एकच हौस होती, जानेवारीच्या पाटीची. आयर्लंडात गाडीच्या नंबराच्या पाटीवर पहिले आकडे सालाचे असतात, त्यामुळे माणसाची कमाई लांबूनच वाचता येते. नोव्हेंबर-डिसेंबरात नवी गाडी घेणारा एक तर अडचणीत असतो, नाही तर वेडा, असं मॅलकी म्हणायचा, आणि लीट्रिम परगण्यात तरी ते सगळ्यांनाच पटायचं. तो सप्टेंबरात गाडी सांगून ठेवायचा. ती डिसेंबरात यायची आणि विक्रेत्याच्या मागच्या शेडमध्ये चादरीखाली साल बदलायची वाट बघत बसायची. मग जानेवारीच्या पहिल्या रविवारी चर्चच्या भिंतीला पाठ लावून ती अशी उभी करायची, की रविवारच्या प्रार्थनेची मिस्सा संपवून बाहेर पडणाऱ्याला आधी पाटी दिसावी आणि मग आभाळ. पुढे सरकारने सालाचे दोन भाग केले, सालापुढे एक लावला की जानेवारीची पाटी आणि दोन लावला की जुलैची, तेव्हा तो आठवडाभर जेवणाच्या टेबलावर धुमसत होता. "आता जुलैत कुणीही सोम्यागोम्या माझ्या पुढे!"

एकोणीसशे शहाण्णवच्या सहा जानेवारीला शनिवार होता. तो बायकांचा नाताळ, त्या दिवशी बायकांनी कामाला हात लावायचा नाही. डिम्फना चार वर्षांच्या लेकीला, सोरखाला, मांडीवर घेऊन बसली होती. पोरगी तापाने फणफणली होती, ओकत होती, दिवा लावला की किंचाळत होती आणि मान वाकवू देत नव्हती. अँब्युलन्सला फोन केला. ती एका अपघाताकडे गेली होती, दीड तास तरी लागेल म्हणाले. अंगणात आदल्या दिवशी आणलेली हिरवी गाडी उभी होती. सीटांवरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं.

"मॅलकी, चल. स्लायगोला नेऊ, इस्पितळात."

"ओकतेय ती."

"म्हणूनच चल म्हणतेय!"

"सगळ्या सीटा घाण होतील. उद्या मिस्सेला जायचंय. येतेय ना अँब्युलन्स? थांब थोडं."

"किल्ली दे मग. मी नेते."

त्याने दिली नाही. डिम्फनाने पोरीला घोंगडीत गुंडाळलं आणि मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेली. तिथे बऱ्याच वेळाने दूध गोळा करणारा टँकर आला, तो थांबला. दुधाच्या वासात पोरगी स्लायगोला पोचली. मेनिंजायटिस होता, मेंदूच्या आवरणाला सूज. जीव वाचला, डावा कान गेला. उशिरामुळे किती बिघडलं, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि डिम्फनानेही विचारलं नाही. तिला विचारायची गरज वाटली नाही.

पुढच्या आठवड्यापासून मॅलकी बाजारात सांगायला लागला, "दीड तास अँब्युलन्स आली नाही हो! हा काय देश म्हणायचा?" तो सांगायचाही असा, की ऐकणारे मान हलवून त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे. सोरखाही तेच ऐकत मोठी झाली. डिम्फनाने तोंड उघडलं नाही. आधी तिला वाटलं, आज ना उद्या हा स्वतःच बोलेल. मग वाटलं, पोरगी मोठी झाली की बोलेल. पोरगी मोठी झाली, नर्सिंग शिकायला ब्रिस्टलला गेली, तिथेच नर्स झाली. दर जानेवारीला अंगणात नवी पाटी लागत राहिली आणि डिम्फना दर जानेवारीला मनात म्हणत राहिली, बोल. एकदा तरी तोंडाने बोल, मी तिला नेलं नाही.

एकोणतीस वर्षं होत आली होती आणि गेल्या ऑक्टोबरात, एका वळूची बोली पुकारता पुकारता मॅलकी खाली कोसळला. उजवा हात गेला, वाचा गेली. वाचा शिकवणारी पोरगी दर मंगळवारी घरी यायची, चित्रांची कार्डं दाखवायची. एकदा दारात थांबून ती हळूच म्हणाली, "जे शब्द परत यायचेत ते पुढच्या काही महिन्यांतच येतील, मिसेस मल्वी. नंतरचं नाही सांगता येत."

डिम्फना त्या दिवसापासून कॅलेंडरवर आठवडे मोजायला लागली. गावाला वाटलं, नवऱ्याच्या काळजीने. तिच्या मनात एकच होतं, हा सुटणार. आयुष्यभर बडबडला आणि नेमकं हे एक वाक्य न बोलता हा सुटणार.

ती रोज त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसायची. "मॅलकी, सहा जानेवारी. आठवतंय?" तो तिच्याकडे बघायचा, मग खिडकीकडे. वीस डिसेंबरच्या सकाळी ती त्याला लापशी भरवत होती. त्याने चमचा बाजूला सारला, ओठ जुळवले आणि आजारपणातले पहिले स्पष्ट शब्द बोलला.

"दोन. पाच. एक."

दोनशे एक्कावन्न. दोन हजार पंचवीसच्या जानेवारीची पाटी. बायकोचं नाव नाही, पोरीचं नाव नाही. त्याला गाडी आठवली होती.

डिम्फनाने त्याची हनुवटी पुसली, बाहेरच्या खोलीत गेली आणि गाडीवाल्या फिन्टनला फोन लावला.

"आमची गाडी आली का रे?"

"आली तर! मागे झाकून ठेवलीय, मिसेस मल्वी. मॅलकींना सांगा, दोन तारखेला सगळ्यात पहिली तुमचीच नोंदवतो."

"दोन तारखेला नको. आज नोंदव."

फिन्टनला ऐकण्यात चूक झाल्यासारखं वाटलं असावं. "आज? अहो, आज नोंदवली तर दोनशे बेचाळीसची पाटी लागेल, सरत्या सालाची. बारा दिवसांत गाडी एका वर्षाने म्हातारी! विकायला काढलीत तर दोन-तीन हजार युरो पाण्यात जातील."

"जाऊ देत. पाणी माझंच आहे."

"मॅलकींना विचारलंत का?"

"गाडी कुणाच्या नावावर आहे, फिन्टन?"

"तुमच्याच."

"मग झालं तर."

"बरं. पण कुणी विचारलं तर मी सांगणार हं, की मी नको नको म्हणत होतो."

"सांग की. बाजारातला माईक घे आणि सांग."

तेवीस तारखेला, मॅलकीजवळ गावातली नर्स बसली असताना, डिम्फना गाडी आणायला गेली. फिन्टनने तिला आधी आपल्या आवारात चार फेऱ्या मारायला लावल्या. चौथ्या फेरीला तो म्हणाला, "मिसेस मल्वी, तुम्ही तर माझ्या बापापेक्षा बरी चालवता." ती एकटीच घरी आली आणि गाडी शेडमध्ये चादरीखाली ठेवली. नाताळ गेला. पाच दिवस ती त्या शेडकडे बघत भांडी घासत होती आणि तिला भूक चांगली लागत होती.

सोरखाला नाताळात ड्यूटी होती, ती अठ्ठावीसला रात्री आली. दुसऱ्या दिवशी रविवार. डिम्फनाने मॅलकीला बाजारातला करडा सूट चढवला, टाय बांधला, काठी दिली आणि शेडसमोर उभं करून चादर ओढली.

मॅलकीचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. तो काठी टेकत पुढे गेला, बॉनेटवर डावा हात फिरवला. मग वाकला.

"दोन," तो म्हणाला. "चार..." आणि थांबला. मान वर करून बायकोकडे बघितलं. "पाच. पाच!"

"पाच नाही. चारच आहे," डिम्फना म्हणाली. "मी मुद्दाम घेतली."

"मॅमी, तुला फसवलं त्यांनी!" सोरखा धावत आली. "तीन दिवस थांबायला काय झालं होतं? फिन्टनला मी आत्ता फोन करते."

"मला कुणी फसवलं नाही. बस मागे. मिस्सेला उशीर होतोय."

चर्चच्या आवारात तिने गाडी बरोबर मॅलकीच्या ठरलेल्या जागी लावली, भिंतीला पाठ, पाटी दाराकडे. मिस्सा संपल्यावर त्याला आधी आणून पुढच्या सीटवर बसवलं आणि काच खाली केली. माणसं बाहेर यायला लागली.

"लाभो, डिम्फना, लाभो!" मॅटी गिलरेन लांबूनच हात वर करत आला. तो निवृत्त पोस्टमन, गावातल्या सगळ्या पाट्या त्याला पाठ. नजर खाली गेली आणि त्याचा हात अर्ध्यावरच राहिला. "अरेच्चा. तीन दिवस दम निघाला नाही होय?"

"नाही निघाला."

"मॅलकी, लेका, तू सही कशी केलीस? इतकी वर्षं आमच्या नाकावर टिच्चून..." मॅटी काचेतून आत वाकला आणि मॅलकीचं तोंड बघून मागे सरकला.

मागून कॉन्सेप्टा बेर्न आली. तिने पाटी वाचली आणि आवाज मऊ केला. "चालायचंच गं. आजारपणात खर्च होतोच. स्वस्तात मिळाली असेल, नाही? काही लागलं तर सांग."

लिलाववाल्या मल्वीची कीव. चर्चच्या दारात, सगळ्यांसमोर. डिम्फनाने ती पूर्ण ऐकू दिली. मग मोठ्याने म्हणाली, "नाही गं, पैसे पुरते मोजलेत. मॅलकीला नव्या गाडीची भारी हौस, तुला माहीतच आहे."

मॅलकीने डाव्या मुठीने डॅशबोर्डवर धपकन मारलं. पुन्हा मारलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचा हात मुठीत अडकला होता. डिम्फनाला बरं वाटलं. इतकं बरं, की वळसा घालून आपल्या दाराशी जाताना तिने पाटीवरून हातमोजा फिरवून धूळ झटकली.

सोरखा मागे बसली, दार आपटलं. "किती दुष्टपणा! त्या माणसाला आयुष्यात दुसरं काय आवडतं? का छळतेस त्याला?"

गाड्या एकेक करून अरुंद फाटकाकडे निघाल्या होत्या. डिम्फनाने गिअर टाकला. "का, ते सांगते. तुझा कान अँब्युलन्समुळे गेला असं तुला वाटतं ना? अंगणात नवी गाडी उभी होती त्या रात्री. ह्याने काढली नाही. तू ओकशील म्हणून. सीटा खराब होतील म्हणून."

गाडी फाटकात पोचली. मग सोरखा दोन्ही सीटांच्या मधे वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "माहितेय मला."

"काय?"

"मी ब्रिस्टलला गेले ना, त्याच्या आदल्या रात्री डॅडीनं सांगितलं. गोठ्यात. रडत होता. म्हणाला, तुझ्या आईला सांगू नकोस मी बोललो ते."

डिम्फनाचा पाय ब्रेकवर गेला. गाडी फाटकाच्या बरोबर मध्ये उभी राहिली. तिने हँडब्रेक ओढला.

पोरीला सांगितलं होतं. चौदा वर्षं झाली. रडून मोकळा झाला होता, पोरीने माफही केलं असेल, आणि घरात येऊन त्याने डिम्फनाला चहा मागितला असेल. तिने केलाही असेल.

"तिला सांगितलंस," ती मॅलकीला म्हणाली. "आणि मला? पोरीला उचलून मी गेले. मी बसले रस्त्यावर. मला का नाही?"

मॅलकी समोर बघत होता.

"मॅमी, मागे रांग लागलीय," सोरखा म्हणाली.

"लागू दे."

पहिला हॉर्न वाजला. मग दुसरा. डिम्फनाने इंजिन बंद केलं.

"तुला आकडे बोलता येतात. पाच म्हणता येतं. मला हे सांग. मी ऐकल्याशिवाय ही गाडी इथून हलणार नाही, सगळं गाव जेवायचं राहिलं तरी."

मॅलकीचा जबडा हलला. घशातून नुसता वारा आला. त्याने डोळे मिटले, उघडले.

"मी," तो म्हणाला. मग खूप वेळाने, "नाही."

"नाही काय?"

"नेलं." त्याच्या कपाळावर घाम आला होता. "मी नाही... नेलं."

"कुणाला?"

"सोर... खा."

काचेवर टकटक झाली. मॅटी गिलरेन टोपी मागे सारून वाकला होता. "डिम्फना, बंद पडली का गं? नव्याकोऱ्या गाडीला धक्का मारायचा?"

तिने चार बोटं काच खाली केली. "काही बंद पडलेलं नाही, मॅटी. मॅलकी मला काहीतरी सांगतोय. तू जाऊन गाडीत बस."

मॅटीने आत बघितलं, एकदा मॅलकीकडे, एकदा मागे बसलेल्या सोरखाकडे, आणि टोपी सरळ केली.

"परत सांग," डिम्फना नवऱ्याला म्हणाली.

मॅलकीने पुन्हा ओठ जुळवले. तिकडे मॅटी रांगेतल्या एकेका गाडीशी थांबत, हाताने खूण करत चालला होता, इंजिनं बंद करा, वेळ लागेल.