डोक्यावरचा इग्वाना

मला लिहायला अंधश्रद्धेविरुद्धच्या पत्रकांनी शिकवलं. पत्रकाला पाठपोट मिळून दोनच पानं असतात आणि वाचणारा बसस्टँडवर गाडीची वाट बघत उभा असतो. म्हणून मुद्दा पहिल्या ओळीतच सांगायचा. तर मुद्दा असा : एका चार वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर पाल पडली आणि गावानं त्या पोरीलाच बाजूला बसवलं.

गाव सिद्धेश्वरच्या कालव्यावरचं. तिथल्या अंगणवाडीची सेविका माझी मावसबहीण, मी तिला अक्का म्हणते. अंगणवाडीला पत्र्याचं छत, पत्र्याखाली वासे आणि वाशांवर पाली. त्यातली एक ऐन खिचडीच्या वेळेला निसटली ती थेट या पोरीच्या डोक्यावर. पाल तर लगेच पळून गेली. पोरीला मात्र आजीनं घरी नेऊन डोक्यावरून आंघोळ घातली, देवापुढे दिवा लावला आणि पंचांगवाल्याकडे जाऊन विचारून आली. पाल कोणत्या अंगावर पडली की काय होतं, याचा पंचांगात तक्ताच असतो. खांद्याला एक फळ, पायाला दुसरं. डोक्याचं फळ चांगलं निघालं नाही.

झालं. बाकीच्या आयांनी आपापल्या लेकरांना बजावलं, तिच्याजवळ बसायचं न्हाई. पोरगी दाराशी एकटी बसायला लागली. खिचडीच्या आधीच आजी येऊन तिला घेऊन जायची. हा महिना संपला की पाठवणारच नाही, असंही तिनं सांगून टाकलं. अक्काच्या जिवाला तेच लागलं होतं. पोरगी हुशार, सगळी गाणी तोंडपाठ. आई-बाप दिवसभर रानात हळद शिजवायला. घरी बसून ती करणार काय?

मी फोनवरच तापले. चार वर्षांच्या लेकराचं पुढचं सगळं एका पालीनं ठरवायचं? आणि तेही छापील तक्त्यात बघून? अक्कानं मला पुरतं बोलू दिलं आणि मग म्हणाली, भाषण करू नको, लेकरांना करायला काहीतरी घेऊन ये.

मी रंगवायची चित्रं शोधली. पालीचं चित्र कुणी लेकरांना रंगवायला देतच नाही, हे तेव्हा कळलं. सापडला तो इग्वाना. पाठीवर काटे, लांब पट्टेरी शेपूट, गळ्याखाली लोंबती कातडी. म्हटलं, पालीच्याच भाऊबंदातला आहे, चालेल. वसमतच्या झेरॉक्सवाल्यानं प्रती काढता काढता विचारलं, ताई, घोरपड हाय का ही? मी म्हटलं, न्हाई, परदेशातला पाहुणा आहे. आयांना वाटायला माझ्या पत्रकांचा गठ्ठाही घेतला आणि एसटीत बसले.

सुरुवात मी चुकीचीच केली. उभं राहून बोलले. भीती, अज्ञान, शोषण. दहा मिनिटांत एक पोरगं भिंतीला टेकून झोपलं. अक्कानं डोळे वटारले तेव्हा मी खाली बसले आणि चित्रं वाटली.

पिवळा खडू आधी संपला. हळदीच्या दिवसांत इथल्या लेकरांना दुसरा रंग सुचत नाही. त्यांची रंगवारंगवी चालू असताना मी एकेक गोष्ट सांगत गेले. इग्वाना पानं-फुलं खातो म्हटल्यावर एकानं त्याच्या गळ्यावर बोट ठेवून विचारलं, "मंग ह्याच्या गळ्यात माळ काहून न्हाई?" नरसीच्या वारीला नेमानं जाणाऱ्या घरातलं पोरगं, त्याच्या लेखी पाला खाणारा माळकरीच असायला पाहिजे. त्यानं स्वतःच मणी काढून ती उणीव भरून टाकली.

शेपूट तुटली तर पुन्हा येते, पालीचीही येते. तुटलेली शेपूट वळवळताना निम्म्या जणांनी पाहिलेली होती. घरातल्या पालीला पापणी नसते, ती जिभेनं डोळा पुसते. यावर सगळ्यांनी जिभा बाहेर काढून पाहिल्या, कुणाचीच पोचली नाही. मग मी म्हटलं, ह्यांचं अंग आपल्यासारखं आपोआप गरम राहत नाही, म्हणून इग्वाना उन्हाला बसतो. सावलीतल्या पालीला हात लावला तर ती गार लागते.

"व्हय. गार राहते."

दाराशी बसलेली ती पोरगी बोलली होती. वर न बघता, खडू घासत. तिच्या पुढच्या एकीनं मागं वळून विचारलं, तुला काय ठाव?

"माझ्या डोक्यावर बसली होती न. तिचे पाय गार होते. आन् हलकी होती, पानावानी."

खडू थांबले. मला जे माहीत होतं ते सगळं मोबाईलमधून आलेलं. त्या खोलीत खरीखुरी पाल अंगावर घेतलेलं माणूस एकच होतं. लेकरं बूड घासत दाराकडे सरकली. चावली का? मुतली का? मंग कुठून पळाली? ती एकेकाला उत्तर देत होती, जराही घाई न करता. बाकीच्यांचे इग्वाने पिवळे, हिरवे, लाल. तिचा एकटीचा मातकट. "आमची अशीच होती," ती म्हणाली.

माळवाल्यानं आपला कागद डोक्यावर ठेवला. तो घसरला. मलाबी डोक्यावर पाहिजे, म्हणून तो हटूनच बसला, आणि मग सगळ्यांनाच पाहिजे झालं. अक्कानं कात्री काढली, मदतनीस बाईंनी पिठाची खळ करून आणली. इग्वाने कापून झाले, पण ते डोक्याला बांधायला पट्ट्या पाहिजेत. अक्कानं माझा गठ्ठा सोडला आणि पत्रकं उभी कापायला लागली. मी म्हटलं, अगं, ती आयांना वाटायची आहेत.

"तुझा कागद जाड हाय," ती म्हणाली, "टिकंल."

बारा वाजता आजी आली. हात कोपरापर्यंत हळदीचे, पदर खोचलेला. दारातच थबकली. आत अठरा डोकी आणि अठरा इग्वाने, त्यातला एक माळकरी. मी तयारीतच होते. त्या तक्त्यातला एकेक मुद्दा कसा खोडायचा ते मला पाठ आहे. पण तोंड उघडणार एवढ्यात अक्कानं माझं मनगट धरलं, चांगलं दाबून धरलं.

आजीनं या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी डोकी पाहिली.

"आता कोणाकोणाला न्हाऊ घालू, बाई?"

अक्का हसली. मग आजीही हसली, पण पोरीला चल म्हणालीच. पोरगी उठली नाही. ती ओळीच्या मधोमध होती, दोन्हीकडून दोघी तिला खेटून बसलेल्या, आणि पुढ्यात ताटली आलेली. मी खाऊन येते, म्हणाली.

मला वाटलं, आता हाताला धरून ओढणार. आजीनं मान वर करून वाशांकडे पाहिलं. तिथं एक पाल होती, मलाही दिसली. आजी आत आली आणि नातीच्या पाठीमागे, बरोबर त्या वाशाखाली, फतकल मारून बसली.

खिचडी वाढून झाली. भांडायला काही उरलं नव्हतं, आणि मला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. अक्कानं माझ्याही हातात ताटली दिली.

आजीनं नातीच्या डोक्यावरचा मातकट कागद बोटानं सरळ केला आणि हळूच विचारलं, "लई गार होती का गं?"

पोरीच्या तोंडात घास होता. तो गिळून ती म्हणाली, "न्हाई. जराशीच."