तात्यांच्या वहीतली माझी साडेतीन पानं

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी इंदापुरात घरी दाढी करत होतो. "सर, आमचं तात्या गेलं..." एवढंच ती बोलू शकली. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून मी खुर्चीत बसलो. खरं सांगतो, रडू यायच्या आधी मनात आलं, आता कबुली द्यायची कुणापुढं?

तात्या कोऱ्हाळे बुद्रुकचे ऊस बागायतदार. शिक्षण सातवी, पण वाचायला बसले की माझ्यासारख्या मराठीच्या प्राध्यापकाला पुरून उरायचे. कधीतरी पुण्याहून येताना त्यांनी एक गाजलेली परदेशी अस्तित्ववादी कादंबरी मराठीतून आणली. तिचा नायक कारकून. एका सकाळी तो कामावर जातच नाही, खोलीत खिडकीशी बसतो आणि कशासाठी जगायचं याचा विचार करत राहतो. तात्यांनी त्या पुस्तकाला सुतळीनं शंभर पानी वही बांधली. जो वाचेल त्यानं वहीत आपलं मत लिहायचं, आणि खरं लिहायचं, हा त्यांचा नियम.

काय एकेक मतं! सुनंदा, त्यांची सून, तिनं लिहिलं, "याच्या दारात एक म्हैस बांधा. बघू किती वेळ खिडकीत बसतोय." त्यांच्या ट्रॅक्टरवरच्या दत्तूनं मात्र दोन रात्री जागून वाचलं. त्यानं लिहिलं, "मला बी असंच वाटतं. मी कुणाला सांगत न्हाय." ते वाचल्यापासून तात्या रोज संध्याकाळी दत्तूला चहाला थांबवून घ्यायला लागले. सुनंदाला म्हणाले, "तू हसलीस, त्यो रडला. पुस्तक एकच हाय. मज्जा हाय का न्हाय?"

मग पाळी माझी. मी एसटीत वाचायला घेतली आणि अर्ध्यात कंटाळलो. पण प्राध्यापक ना आपण! वहीत साडेतीन पानं ठोकून दिली. 'नायक शेवटपर्यंत खोलीबाहेर पाऊल टाकत नाही, यातच या कृतीचं थोरपण आहे,' असं ठणकावून लिहिलं. तात्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. "लई खोल लिवलंय, सर." पुढं घरी येईल त्याला ती पानं दाखवायचे, "हे आमच्या सरांचं." मी वरून फुगायचो अन् आतून चोरासारखा व्हायचो. वर्षानुवर्षं हे चाललं.

शेवटी बारामतीच्या दवाखान्यात त्यांना भेटलो, ते मनाशी ठरवूनच. "तात्या, त्या कादंबरीबद्दल एक सांगायचं होतं..." त्यांनी माझा हात दाबला. डोळे मिश्किल. "ऱ्हाऊ द्या, सर. घाई न्हाय." आणि मी मूर्ख, सुटलो म्हणून खूश झालो.

तेराव्याला सुनंदानं पुस्तक माझ्या हातात दिलं. "तात्यांनी तुमच्यासाठी ठेवलंया." घरी येऊन सुतळी सोडली. कादंबरीच्या पंच्याण्णवाव्या पानात मी खुणेला ठेवलेलं एसटीचं तिकीट, इंदापूर ते बारामती, शाई उडत आलेली. शेजारी समासात तात्यांचं पेन्सिलीतलं अक्षर : 'सरांची जागा. तिकीट हलवू नये.'

म्हणजे माझ्यानंतर ज्यानं ज्यानं वाचलं, त्यानं ते तिकीट उचललं, पान वाचलं आणि होतं तिथं परत ठेवलं! मी सुनंदाला फोन लावला. "तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?"

"व्हय की, सर. पण तात्यांची ताकीद व्हती, कुणी बोलायचं न्हाय. म्हणायचं, सर वाचतील, आज ना उद्या."

पान उलटलं. शहाण्णवाव्या पानाच्या पहिल्याच ओळीत नायक उठतो, बूट घालतो आणि दार उघडून बाहेर पडतो. मी एकटाच मोठ्यांदा हसलो... आणि मग हसता हसता रडलो. माझ्या त्या थोर वाक्यावर हा माणूस किती वर्षं मनातल्या मनात हसला असेल! आणि चारचौघांत मला एकदाही उघडं पाडलं नाही त्यानं.

आता रोज सकाळी चहाबरोबर दोनचार पानं वाचतो. जास्त नाही, संपवायची घाई नाही. वहीत साडेतीन पानांखाली नवी ओळ लिहिलीय, 'वरचं सगळं खोटं आहे,' आणि खाली सही केलीय.

तिकीट आज एकशे एकतिसाव्या पानावर आहे, तात्या.