पडद्याचा दांडा

मी माझी बंदूक पार्सलने पाठवायला स्वारगेटला गेलो. ती वडिलांकडून माझ्याकडे आली होती, माझ्या नावावर परवाना होता आणि सोलापूरच्या मावसभावाला मी ती विकली होती. परवाना त्याच्याकडेही होता. मग राहिलं काय, असा माझा हिशोब.

पार्सलच्या काउंटरवरच्या बाई प्रत्येक डबा कानाशी नेऊन हलवायच्या आणि आत काय आहे ते सांगायच्या. माझ्यापुढच्या आजोबांना "चकल्या. निम्म्या मोडल्यात," असं ऐकवून त्यांनी माझं चादरीत गुंडाळलेलं लांबडं पार्सल उचललं.

"पडद्याचा दांडा."

"नाही, बंदूक. मावसभावाला विकलीय," मी विजयी मुद्रेने म्हणालो.

रांग चार पावलं मागे सरली. बाई मात्र खुलल्या. "अगंबाई, इतक्या वर्षांत पहिल्यांदा चुकले!" म्हणत त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. इतक्या आनंदाने चुकणारं माणूस मी पुण्यात दुसरं पाहिलेलं नाही.

"विकण्याआधी पोलिसांना कळवलंत ना?" आजोबांनी लांबूनच विचारलं.

"कळवावं लागतं?"

बाईंनी मागच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'हत्यारे घेतली जात नाहीत. विचारू नये.'

मी चहाचा कप खाली ठेवला. खराडीच्या नव्या कंपनीने नोकरीवर घेण्याआधी त्याच आठवड्यात माझी पोलीस पडताळणी लावली होती.

बाईंनी चादरीची गाठ स्वतः घट्ट बांधून दिली. "आता सरळ घरी न्या, मग पोलिसांकडे जा. आणि अहो, बंदुकीला परवाना लागतो ते ठीक, पण तुम्हाला एकट्याला बाहेर सोडायलाही लागायला हवा."