फक्त पानावर घ्यायचंय

किस्से मी जमवत नाही हो. ते आपले आपण साठतात, ओट्याखालच्या कप्प्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांसारखे. एके दिवशी सहज दार उघडावं तर सगळ्या अंगावर! माझ्या कप्प्यातल्या निम्म्या पिशव्या आमच्या डोंबिवलीच्या मंडळाच्या आहेत.

मंडळ म्हणजे साठीच्या अलीकडची-पलीकडची तीस-चाळीस माणसं. महिन्यातल्या एका शनिवारी कोणीतरी पडद्यावर स्लाइड लावून बोलतं, बाकीचे ऐकतात, मग बटाटेवडा. वर्षाअखेर निवडक व्याख्यानांचा छापील अंक निघतो. त्याची पानं लावायचं काम माझ्याकडे. मी ठाण्याला कोलशेतला राहते आणि घरी बसून कॉम्प्युटरवर छपाईसाठी पुस्तकांची पानं लावते, हे एकदा माझ्या तोंडून निघून गेलं. तेव्हापासून भोगतेय.

लेख लिहून कोणीही देत नाही. स्लाइडची फाइल येते आणि खाली सगळ्यांचा एकच मेसेज असतो, ‘सगळं तयारच आहे. फक्त पानावर घ्यायचंय.’

फक्त! अहो, स्लाइड आडवी, पान उभं. स्लाइडवर चार शब्द, बाकीचं सगळं बोलणाऱ्याच्या तोंडात. ते तोंड मी पानावर कसं घेऊ?

* * *

आमच्यातल्या दातांच्या डॉक्टरांचं उदाहरण घ्या. त्यांची प्रत्येक स्लाइड गडद निळी, त्यावर पिवळी अक्षरं. पडद्यावर झकास दिसली. मी म्हटलं, "डॉक्टर, छापताना पांढऱ्यावर काळं करते."

"छे छे! निळा रंग पेशंटला शांत करतो. रिसर्च आहे!"

"वाचक पेशंट नाहीत हो."

"आज नसतील," डॉक्टर म्हणाले.

शेवटी निळी पानं तशीच विठ्ठलवाडीला आमच्या छापखान्यात गेली. छापखान्याचे मालक म्हात्रे, जुने तिथलेच. त्यांनी पान उजेडाला धरलं, मग माझ्याकडे बघितलं.

"ताय, यो लेख हाय का कालोख?"

* * *

या सगळ्यात एक माणूस असा होता, ज्याच्यासाठी हा अंक खरोखर गरजेचा होता. कांबळे काका. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. जन्मभर लोकांचं बोलणं लोकांपर्यंत पोचवलं आणि घरात बायकोला ऐकू येत नाही. सुमन काकूंचे कान गेली काही वर्षं जवळजवळ बंद आहेत. मशीन आहे, पण ते शिट्टी मारतं म्हणून डब्यात.

काकांचं व्याख्यान होतं ‘आमची चार घरं’. विठ्ठलवाडीच्या चाळीतल्या एका खोलीपासून डोंबिवलीच्या फ्लॅटपर्यंत. प्रत्येक घरात आधी बुद्धाची तसबीर लागली, मग गॅसची शेगडी, असं सांगत सांगत ते अकराव्या स्लाइडवर आले. फ्लॅटमध्ये सामान हलवायचा दिवस. लग्नात आलेलं आरशाचं लोखंडी कपाट. काका म्हणाले, "मला टेन्शन आलेलं. पण सुमन बोलली, ‘काळजी करू नका, मी स्वतः पट्टीने मोजून आलेय.’"

आणि त्यांनी बटण दाबलं. बारावी स्लाइड. कपाट फ्लॅटच्या दाराबाहेर, लिफ्टशेजारी उभं आणि त्याच्या आरशात बघून काकू वेणी घालतायत!

काका म्हणाले, "मोजलं होतं बरोबर. पण कपाटच. दार नाही!"

हॉल असा हसला की वडे तळणारा आत डोकावून गेला. काका पुढे खूप छान बोलले. म्हणाले, "कपाट दोन महिने बाहेर होतं. तेव्हा हिचे कान शाबूत होते, हिने रोज सकाळी तिथे उभं राहून आख्ख्या मजल्याशी गप्पा मारल्या. आधीच्या घरात शेजाऱ्यांची नावं कळायला आम्हाला वर्ष गेलेलं. इथे पंधरा दिवसांत लोक आमच्याकडे साखर मागायला यायला लागले. ते सगळं हिच्यामुळे."

पहिल्या रांगेत बसलेल्या काकूंना यातलं काहीही ऐकू आलं नाही. त्यांना दिसलं इतकंच, की पडद्यावर आपला फोटो आहे आणि सगळा हॉल आपल्याकडे बघून हसतोय.

त्या दिवसापासून त्या काकांशी धड बोलेनाशा झाल्या.

* * *

"अहो, मग लिहून दाखवा ना त्यांना, काय बोललात ते!" मी फोनवर म्हटलं.

"दाखवलं ताई. बोलली, हे तुम्ही आता सारवासारव करायला लिहिलंय. तिकडे दुसरंच बोललेलात."

"मुलाला सांगू दे."

"सांगितलं. बोलली, पोरगा बापाच्याच बाजूचा."

"मग?"

"मग अंकात आलं पाहिजे. छापून आलेलं ती मानते. पेपरात आल्याशिवाय ती पाणी बंद असल्याचंपण मानत नाही. आणि ताई, सगळं जसंच्या तसं पाहिजे. तेव्हा लोक हसले तसं तिला हसू आलं तरच तिला कळेल, मी तिला नावं ठेवत नव्हतो."

मी म्हटलं, "नक्की काका." मला काय माहीत, मी कशाला हो म्हणतेय!

* * *

मधे मोहितेंनी डोकं खाल्लं. मोहिते खोपटच्या एसटी डेपोत कंट्रोलर होते. त्यांच्या स्लाइडमध्ये लाल एसटी डावीकडून धावत येऊन उजवीकडे निघून जाते.

"ती गाडी घेतली ना?"

"गाडी घेतली. पण ती पानावर पळणार नाही, उभी राहील."

"उभी? एसटी काय बंद पडलीय?"

मग त्यांनीच तोडगा काढला. प्रत्येक पानाच्या खाली एक छोटी बस, पानागणिक थोडी थोडी पुढे सरकलेली. भराभर पानं उलटली की गाडी धावणार! मी मूर्ख, मलाही ते आवडलं. दुपारभर बसून बस सरकवत राहिले. शेवटच्या पानावर ती अगदी कडेला पोचली आणि छापखान्यात अंकाच्या कडा कापताना तिचं तोंड कापलं गेलं.

मोहिते चिडतील म्हणून मी घाबरत घाबरत नमुना दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ड्रायव्हरसकट गेली हो!"

* * *

आमचे अध्यक्ष प्रधान सर हे निवृत्त मुख्याध्यापक. अंकाचं प्रूफ तेच तपासतात, लाल पेनाने, आणि कोणाला हात लावू देत नाहीत.

एका लेखाच्या स्लाइड जुन्या मराठी फॉन्टमधल्या होत्या. माझ्या कॉम्प्युटरवर उघडल्या तर दोन पानं नुसतीच इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. लेखकाकडून नवी फाइल येईपर्यंत जागा दिसावी म्हणून मी ती तशीच ठेवली आणि घाईत तोच गठ्ठा सरांकडे गेला.

चार दिवसांनी प्रूफ परत आलं. त्या दोन पानांवर एकच लाल खूण होती. समासात सरांच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, ‘आशय उत्तम. वाक्ये थोडी लहान करावीत.’

* * *

आणि ती ‘धन्यवाद’ची स्लाइड! प्रत्येकाच्या शेवटी असते. एकाची गुलाबावर, एकाची सूर्यास्तावर, डॉक्टरांची हसऱ्या दाढेवर. मी सगळ्या काढल्या. लेखाच्या शेवटी कोण आभार मानतं?

दुसऱ्या दिवशी फोन सुरू. "आमचे आभार कापले?" "आम्ही काय उद्धट आहोत का?" प्रधान सरांनी तर बैठकच बोलावली. त्यात कोणाचा तरी भाचा म्हणाला, "मावशी, हे सगळं आता एआय एका मिनिटात करतं."

मी म्हटलं, "मग त्याला सांग या सगळ्यांचे फोन उचलायला."

* * *

आता परत कांबळे काका. मी त्यांचं बोलणं फोनवर ऐकून उतरवून घेतलं, फोटो लावले, चार पानांत नीट बसवलं. सुबक झालं होतं. पीडीएफ पाठवली. लगेच फोन.

"ताई, बाराव्या स्लाइडची वाट लागली."

"काका, आता पान म्हणा."

"हां, पान. तर बाराव्या स्लाइडचं असं झालंय, की ‘मोजून आलेय’ हे डाव्या पानावर आणि कपाटाचा फोटो समोर उजव्या पानावर. म्हणजे अंक उघडल्या उघडल्या कपाट बाहेर दिसतंय! मी बटण दाबायच्या आधीच!"

"मग?"

"मग हसू कुठून येणार? तिला आपला फोटोच आधी दिसणार. परत तेच होणार ना!"

मी कपाळावर हात मारला. पण माणूस बरोबर बोलत होता. पडद्यावर बटण असतं, अंकात समोरासमोरची दोन पानं एकदम उघडी पडतात. लपवायची एकच जागा, पान उलटल्यावर. म्हणजे काकूंचं वाक्य उजव्या पानाच्या तळाशी संपलं पाहिजे आणि फोटो त्याच्या पाठीमागे आला पाहिजे. म्हणजे काकांचा लेख अख्खं एक पान पुढे ढकलला पाहिजे. आणि त्यासाठी त्याच्या आधी कुठेतरी एक जादा पान भरलं पाहिजे.

मी प्रधान सरांना विचारलं.

"एक पान? कपाटासाठी?" सर म्हणाले. "अनघाताई, हा वैचारिक अंक आहे."

म्हात्रेंना विचारलं. "ताय, एक पान वाढलं तर एक काढाया लागंल. न्हायतर पानांचा हिशेब मोडतो." अंकाच्या शेवटी ‘टिपणांसाठी’ म्हणून एक कोरं पान होतं, ते काढता आलं असतं. पण काकांच्या लेखाआधी भरायचं काय? दोन दिवस मी जाहिराती हलवल्या, अक्षरं वाढवली, ओळी सैल केल्या. प्रत्येक वेळी दुसऱ्या कोणाचं तरी काहीतरी तुटायचं. रोज संध्याकाळी काकांचा फोन यायचा. "घाई नाही ताई. आज तिने भाजी केली, पण वाटी जरा आपटून ठेवली." मला त्या माणसाचा रागही यायचा आणि वाईटही वाटायचं.

शेवटी वैतागून मी अंकाच्या सुरुवातीला, ‘अध्यक्षीय मनोगता’च्या आधी, प्रधान सरांचा फोटो लावला. पूर्ण पानभर. खाली नाव.

सरांचा फोन आला. मी बोलणी खायच्या तयारीने उचलला.

"अनघाताई, एवढ्या मोठ्या फोटोची खरं तर काही गरज नव्हती."

"काढू का सर?"

"आता लागलाय तर राहू द्या."

* * *

प्रकाशन डोंबिवलीलाच, नेहमीच्या हॉलमध्ये. काकू आल्या होत्या. काकांच्या शेजारी बसल्या होत्या, पण मधे पर्स ठेवून. गठ्ठ्याची दोरी पाहुण्यांच्या हस्ते सुटायची होती. काकांनी ती मागच्या बाजूने आधीच सैल करून एक प्रत काढली आणि काकूंच्या मांडीवर ठेवली. काकूंनी ती बघितली न बघितल्यासारखी केली.

प्रधान सर माइकवर आले. वर्षभरात आपल्यातून गेलेल्या सभासदांची नावं त्यांनी वाचली आणि जड आवाजात म्हणाले, "दोन मिनिटं स्तब्ध उभे राहून आपण त्यांना श्रद्धांजली वाहू या."

सगळे उठले. सगळे उठले म्हणून काकूही उठल्या. पण त्यांनी नाव एकही ऐकलं नव्हतं आणि आता अंक त्यांच्या हातात उघडा होता. त्या उभ्या उभ्या वाचत होत्या. पंखे फिरत होते. सगळ्यांच्या माना खाली होत्या. सरांचे डोळे मिटलेले, डॉक्टरांचे मिटलेले, काकांचेही मिटलेले, हात समोर बांधलेले.

त्या शांततेत पान उलटल्याचा आवाज आला.

आणि काकू हसल्या. साध्या नाही, ज्यांना आपला आवाज किती मोठा आहे हे कळत नाही तशा. खदाखदा! पदर तोंडाला लावून, परत पान बघून, परत! प्रधान सरांनी डोळे उघडून असं बघितलं, की शाळा असती तर त्यांना वर्गाबाहेर काढलं असतं. काकूंनी खुर्चीवरची पर्स उचलून खाली ठेवली आणि काकांच्या दंडावर एक सणसणीत चापट मारली.

काका हलले नाहीत. डोळेही उघडले नाहीत. मान तशीच खाली ठेवून, मागच्या रांगेत मला जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू आवाजात म्हणाले,

"बारावी स्लाइड."