दौलतच्या डंकाची वेबसाइट

"मेल्या, माझी बेडगी मिरची खंय गेली?" शांता ओरडत होती. "बाये, सकाळपासून समोर उभी आहेस, तुझ्या डोळ्यांदेखत कांडली ना?" मसाला कांडायच्या डंकाच्या धडधडीवर आवाज चढवून डंकवाला दौलत म्हणत होता.

हे भांडण मी चाळीच्या गॅलरीतून ऐकलं, तेव्हा दौलतची मुलगी वैशाली फ्रॉकात होती. आमच्या काळाचौकीत मसाला कांडायला टाकून कोणी घरी जात नाही. डंकवाला सख्खा भाऊ असला तरी समोर उभं राहायचं, नजर हलवायची नाही.

वैशाली शिकली, लोअर परळच्या ऑफिसात वेबसाइटी बनवायला लागली. इकडे गिऱ्हाइकं विरार-डोंबिवलीला गेली. दौलत म्हणाला, "ह्या उन्हाळ्यात मसाला नाही आला तर डंक विकतो."

मग वैशालीने डंकाची वेबसाइट केली. मिरची निवडा, धणे निवडा, बटण दाबा, मसाला घरी. इतकी सोपी की मलाही जमली. सगळ्यांनी कौतुक केलं, ऑर्डर कोणी देईना. पूर्वी आमच्या मजल्यावर राहणाऱ्या सीमाने दिली एक. नि रजा काढून डोंबिवलीहून डंकासमोर हजर!

"अगं, घरी पाठवणार होतो ना!" दौलत म्हणाला.

"ते ठीक आहे, दादा. पण मी निवडलेलीच मिरची टाकता कशावरून?"

वैशाली माझ्याजवळ येऊन बसली. "आजी, सोपी केली गं, पण संशय घ्यायची सोयच नाही केली."

तिने डंकावर कॅमेरा लावला. आपली पाळी आली की फोन वाजतो, आपली मिरची पडताना दिसते, ठोके ऐकू येतात. फोनवरच एक लाल बटण, 'थांबवा'. दाबलं की दौलतने डंक थांबवून मूठभर मसाला कॅमेऱ्याला दाखवायचा.

दौलत भडकला. "मी चोर आहे काय गो?"

"नाही बाबा. पण तुमच्यावर नजर ठेवल्याशिवाय ह्यांना मसाला तिखट लागत नाही."

माझा मसाला कांडायला टाकला तेव्हा मी वर बसून बटण दाबत राहिले. कालचंच चित्र दाखवत असतील तर? खालून हाक आली, "काकी, तूच ना गो ती? आता पुरे!"

मे महिनाभर डंक थांबत थांबत चालला, पण चालला. विकायचं दौलत आता बोलत नाही.

आज संध्याकाळी वैशाली ऑफिसातून आली, चहा प्यायली, मसाल्याच्या डब्यांवरची गिऱ्हाइकांची नावं वाचून ते पिशव्यांत भरले, तोंडं बांधली नि रोजच्यासारखी कुरियरवाल्याकडे निघाली.