दत्तूची काशाची वाटी

माझं गाव सापगाव, दत्तूचं शेणवा. दोघेही शहापूर तालुक्यातले, फौजेत एकाच कंपनीत शिपाई. नव्वदच्या दशकात आम्ही उत्तरेला, बर्फातल्या एका पोस्टवर होतो. माणसं अकरा, बंकर दोन, स्टोव्ह एक.

साडेपाचला उठणं, दाढी, चहा, ड्यूटी. संध्याकाळी पाचला फूट इन्स्पेक्शन. मोजे काढायचे, बोटं हलवून दाखवायची, पावडर लावून कोरडे मोजे चढवायचे. त्यानंतर दत्तू ट्रंकेतून काशाची वाटी काढायचा. आईने दिलेली. गोठून दगड झालेलं खोबरेल तो स्टोव्हवर पातळ करी आणि वाटीच्या बुडाने तळपाय घासत बसे. आधी स्वतःचे, मग माझे.

आमचे हवालदार चेष्टा करायचे. "बाहर बरफ है, और तू पाँव की गरमी निकालता है?"

"नींद अच्छी आती है, उस्ताद."

झोप खरंच छान लागायची. त्या दहा-पंधरा मिनिटांत मला इतकं बरं वाटायचं की थोडी लाजही वाटे. तिथे दुसरं सुख नव्हतं.

एके दिवशी थंडीने माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याची जाणीव गेली. इन्स्पेक्शनला मी तो खपवला. कंदिलाच्या उजेडात रंग कुणाला दिसतो? दुसऱ्या दिवशी पेट्रोलवर, म्हणजे गस्तीवर, माझा नंबर होता आणि मला कामचुकार म्हणवून घ्यायचं नव्हतं. पण दत्तूचा हात अंगठ्याशी थांबला.

"लागतंय का रे?"

"लागतंय."

"डोले मिट नि सांग."

मी मिटले. "लागतंय की."

"वाटी कवाच उचललीय, गधड्या."

नको सांगू म्हणून मी त्याचा हात धरला. तो सोडवून सरळ हवालदारांकडे गेला. ऑर्डर तिथल्या तिथे मिळाली. "तू रुकेगा. दत्तू जाएगा."

सकाळी सहाला चौघे निघाले. जाताना दत्तू म्हणाला, "वाटी संभाल." नऊ पंचवीसला वरच्या उतारावरून गडगडाट ऐकू आला. मी वायरलेस सेटवर होतो.

"पेट्रोल, जवाब दो. ओव्हर."

तीनदा विचारलं. चौथ्यांदा आवाज आला, दत्तूचा नव्हे, दुसऱ्याच कुणाचा तरी. "बरफ गिरा है. एक आदमी नीचे है. ओव्हर."

दत्तू दुपारी चारला सापडला. पाचला फूट इन्स्पेक्शन झालं. मी मोजे काढले, बोटं हलवली. रडू आलं नाही. पुढचे कित्येक महिने काहीच आलं नाही.

सुट्टीत शेणव्याला गेलो. वाटी घासून लख्ख केली होती. ती त्याच्या आईपुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. "आय, त्या दिवशी माझा नंबर होता. मी अंगठ्याचं लपवलं, म्हणून ऐन वेळी त्याला जावं लागलं." तिने मला हाकलून द्यावं, असं मला मनापासून वाटत होतं.

ती उठून आत गेली. तेलाची बाटली घेऊन आली आणि माझ्यासमोर खाली बसली.

"पाय दे."

"आय, नको."

"दे म्हनते ना."

तिने दोन्ही तळवे घासले. तेल काळं झालं. शेवटी ती अंगठ्यावर आली.

"हितं लागतंय का रे?"

"नाय लागत, आय."

तिने मान हलवली आणि तिथेच बराच वेळ घासत राहिली. मी निघालो तेव्हा वाटी माझ्या पिशवीत घातली. "तुझ्याकडंच राऊ दे. माझ्याच्यानं नाय बघवत ती."

दोन हजार सालानंतर मी पेन्शनवर घरी आलो. त्याची आई तोवर गेली होती. रोज संध्याकाळी पाचला ओटीवर बसतो, खोबरेल घेतो. मुरबाडकडे चाललेले ओळखीचे लोक हसतात, म्हातारपणाचे लाड म्हणतात. आहेतच ते लाड. आधी डावा पाय, मग उजवा. अंगठ्याशी आलो की डोळे मिटतो. लागतंय का रे, असं दत्तूच्या आवाजात ऐकू येतं. मी नाय म्हणतो.